आर्लीन मावशीची जर्दाळूची बिस्किटं

अमेरिकेतल्या यंगस्टाउनात लग्न म्हटलं की एक वेळ केक नसला तरी चालेल, पण बिस्किटांचं टेबल हवंच हवं. नात्यातल्या, शेजारच्या बायका आठ-आठ दिवस खपून डझनांनी बिस्किटं करतात. कुणी विकतची आणली, तर वर्षभर नावं ठेवतात. आर्लीन कोव्हालचिकची जर्दाळूचं सारण भरलेली बिस्किटं नाहीत, असं टेबल तर गल्लीनं पाहिलंच नव्हतं.

आर्लीनची स्वतःची बेकरी. रोज पहाटे आधी चर्च, मग भट्टी. बाई धर्माची पक्की आणि तोंडाची फटकळ. शेजारच्या रोझॅनची लेक टेसा तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तीच टेसा ब्रिजेटशी लग्न ठरवून केक सांगायला आली, तेव्हा आर्लीननं आडपडदा ठेवला नाही.

"पोरी, तू माझी लाडकी. पण बाईचं बाईशी लग्न माझ्या धर्मात बसत नाही. त्याचा केक माझ्या हातून व्हायचा नाही."

"बरं, मावशी," म्हणून टेसा निघून गेली. ती चांगली कडाकडा भांडली असती, तर आर्लीनला बरं वाटलं असतं.

आणि तरीही लग्नाच्या आदल्या दिवशी या बाईनं घरच्या ओट्यावर पीठ मळलंच! दुकान वेगळं, शेजारधर्म वेगळा, असा तिचा सरळ न्याय. बारा डझन बिस्किटांचा मोठा ट्रे घेऊन ती ताठ मानेनं हॉलच्या दारात हजर झाली.

टेसा पांढऱ्या झग्यात समोर आली. "मावशी, केकला नाही आणि याला हो, असं कसं?"

"केक लग्नाचा असतो. ही तुझ्यासाठी."

"मग घरी दे, आवडीनं खाईन. हे टेबल लग्नाचं आहे. इथं ठेवायची तर लग्नासाठी ठेव, स्वतःच्या हातानं."

आर्लीननं टेबलाकडे पाहिलं. ते गच्च भरलेलं होतं, तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात रोझॅननं दोन ताटं सरकवून जागा केली.

"माझं मत बदललेलं नाही, टेसा."

"ठाऊक आहे मला."

"पण तुझ्या लग्नाला मी नव्हते, हे मला मरताना आठवायला नको," आर्लीन म्हणाली, आणि तिनं ट्रे लग्नाच्या टेबलावर ठेवला.