काळं टोक

डॉक्टर शमीम चेहऱ्याचा आजार दिव्याखाली तपासत नसत. मस्तगडातल्या त्यांच्या दवाखान्यात दाराजवळ एक स्टूल होते. आधी त्या दिवा बंद करीत, रुग्णाला स्टुलावर बसवून त्याची हनुवटी रस्त्याच्या उजेडाकडे वळवीत आणि उघड्या तळव्याने गाल चाचपत. औषधाचे नाव त्यानंतर. घरी उर्दू बोलणाऱ्या या बाईंना गल्लीतले सगळेच आपा म्हणत. जालन्यात वार्ताहर असताना माझ्या बऱ्याच दुपारी त्यांच्या बाकावर गेल्या.

तारुण्यातल्या मुरुमांना तेव्हा कोणी आजार मानीत नसे. आपा मानीत. मुरूम पिळणाऱ्याला त्या म्हणत, “चेहरा हाय तुझा, लिंबू न्हाई.” कपाळावर तेल ओघळलेले दिसले की सोबतच्या आईला विचारीत, “तेल केसाला लावलं का कपाळाला?” लवकर गुण मागणाऱ्याला एकच उत्तर असे: “जल्दी करू नको. हळू आलं, हळूच जाईल.”

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी आष्टीचा एक मजूर मुलीला घेऊन आला. ती अंबडला वसतिगृहात राहून शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. दोन्ही गालांवर गाठी होत्या, काही पिकलेल्या. वसतिगृहात कोणीतरी महारोग हा शब्द काढला आणि अधीक्षिकेने तिला घरी धाडले. परीक्षा तोंडावर होती. ती हुकली तर शिक्षण संपले, हे बापलेकींना ठाऊक होते.

आपांनी कापसाचे टोक तिच्या गालांवर, हातापायांवर फिरवले. प्रत्येक स्पर्श तिला कळत होता; महारोगाच्या चट्ट्यावर तो बहुधा कळत नाही. भुवया आणि कानाच्या पाळ्या पाहिल्या. मग भिंग घेऊन त्या नाकाच्या कडेला थांबल्या. त्वचेच्या छिद्रांत बारीक काळी टोके होती.

“हे काळं टोक महारोगात नसतं,” आपा म्हणाल्या. “मुरूम हायत हे. बिलकुल मुरूम.”

बाप वर्षभर रस्त्याच्या कामावर मुरूम वाहत होता.  तो हळूच म्हणाला, “बाई, माझ्या कपड्यावरून तर न्हाई ना गेला पोरीला?”

बाकावरचे दोघेतिघे हसले. आपा हसल्या नाहीत. शब्द एकच असला तरी रस्त्यावरचा मुरूम वेगळा, हा वयाने येतो, यात बापाचा दोष नाही, असे त्यांनी त्याला समजावले. मुलीला कॅप्सूल दिल्या, त्या दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत हे बजावले, लावायला गंधकाचे औषध दिले. गालावर थोडे खड्डे राहतील, हेही लपवले नाही.

बापाने दाखला मागितला. आपांनी तो लिहून दिला आणि म्हणाल्या, “कागदानं भीती जात न्हाई. मी येते.”

दुसऱ्या दिवशी आपा आणि मी मुलीला घेऊन एसटीने अंबडला गेलो. वसतिगृहाच्या अंगणात मुली जमल्या. मुलीच्या गालावर तळवा ठेवूनच आपा बोलू लागल्या. महारोग कसा ओळखतात ते सांगितले. तो असता तरी त्यावर औषध आहे आणि हाकलून देणे हे औषध नव्हे, हेही सांगितले. मग एकीच्या हाती भिंग देऊन तिला शेजारणीचे नाक पाहायला लावले. भिंग ओळीने फिरले. काळे टोक नाही अशी मुलगी सापडेना. शेवटी ते अधीक्षिकेपर्यंत पोचले. त्यांनी ते न वापरताच परत केले.

“बघा बाई,” आपा त्यांना म्हणाल्या, “हिला काढायचं तर सगळ्यांच्याच ट्रंका बांधाव्या लागतील.”

मुली हसल्या. एकीने त्या मुलीची ट्रंक उचलून आत नेली.

परतीच्या गाडीत मी बातमीचा विषय काढला. खोटी अफवा खोडून निघाली होती. बातमी चांगली होती.

“न्हाई छापायचं,” आपा म्हणाल्या. “महारोग न्हाई असं छापलं तरी लोक ‘न्हाई’ विसरतात. दुसरा शब्द बराबर ध्यानात ठेवतात. तिला उद्या वर्गात उभं राह्यचंय.”

बातमी गेली नाही. मुलगी परीक्षेला बसली, पुढे गालावरच्या खड्ड्यांसह शिक्षिका झाली. आपा आता नाहीत. त्यांचे नाव इथे दिले आहे. तिचे देणार नाही.