दुसऱ्यांदा टेकलेलं बोट

ब्राउझर तपासताना अक्का पडद्याकडे बघतच नसत. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीत आम्ही बाकीचे टेस्टर चार ब्राउझर शेजारी लावून एकच पान कुठे आधी उघडतं ते मोजत बसायचो. अक्का एक स्वस्तातला जुना फोन घेऊन खाली जायच्या, चहावालीच्या नाहीतर वॉचमनच्या हातात द्यायच्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. "पडद्याला काय विचारता रे? तो आपल्याच बाजूनं बोलणार. त्याच बटणावर बोट दुसऱ्यांदा टेकलं की आपण हरलो."

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, कानडी. मी पुण्याहून नवा आलेला, वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचत वाढलेला; दर मीटिंगला माझं भाषण ठरलेलं. "पत्रकवाल्या, स्वल्प थांब," त्या म्हणायच्या, "आधी फोन धर."

या हट्टाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, कँटीनमध्ये. येलहंक्याला त्यांचा भाऊ घरी एकटा होता. छातीत कळ आली. फोन लागेना, म्हणून त्यानं अँब्युलन्सचं पान उघडलं. त्याच्या जुन्या ब्राउझरमध्ये बटण दिसत होतं, पण चालत नव्हतं. "मी पोचले तेव्हा तो दाबतच होता," अक्का म्हणाल्या. "मला ओळखलं नाही, पण बोट चालूच." भाऊ वाचला नाही.

मग एका हॉस्पिटलचं तसंच पान आमच्याकडे आलं. वरून हुकूम: सगळ्यात जलद ब्राउझरमध्ये चाललं की पुरे, जुने सोडा. अक्कांनी मंजुरी नाकारली. काम त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिलं. त्यांनी तो फोन माझ्या टेबलावर ठेवला, "सरी, ठीक आहे, तूच बघ आता," म्हणाल्या. त्याच महिन्यात त्या झोपेतच गेल्या.

तेव्हापासून पान अडकलं की मला फोनच्या काचेवर बोटाची टकटक ऐकू येते. शेजारचे मान वर करत नाहीत, म्हणजे ती मलाच येत असणार.

काल हॉस्पिटलच्या त्या पानासाठी मॅनेजर आले. "अरे यार, बाकी सगळीकडे क्षणात उघडतंय. देऊन टाक ना मंजुरी!"

भाषण तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. अक्कांच्या फोनवर तेच पान उघडून तो त्यांच्या हातात दिला. "सर, अँब्युलन्स मागवा."

त्यांनी हसत बटण दाबलं. मी तोंडाकडे बघत होतो. हसू तसंच राहिलं, डोळे बारीक झाले. बोट दुसऱ्यांदा टेकलं. मग पुन्हा.

"सर, कळलं ना?" मी विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नसावं. ते दाबतच होते.