उघडं फाटक

बोरगाव मेघेत सकाळी फिरायला जाताना एका घराचं फाटक मला रोज सताड उघडं दिसतं. आत पायरीवर इस्त्रीचा शर्ट घातलेले एक काका हातात पोळी घेऊन बसलेले असतात. त्यांच्या डोक्यावर भिंतीला कॅमेरा आहे, अमेरिकेतल्या मुलाने बसवलेला. जग फारच जवळ आलंय. आईच्या तेरवीला त्या मुलाला सुट्टी मिळाली नाही, पण अंगणात गाय शिरली की तिकडे त्याला दोन मिनिटांत कळतं.

परवा माझ्यासमोरच गाय शिरली आणि शेवंती खाऊ लागली. लगेच काकांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, गाय आली अंगणात. फाटक लावत जा ना."

"लावतो बाबू. तू जेवला का?"

फोन केव्हाच बंद झाला होता.

मी शेजारधर्म म्हणून गाय हाकलली आणि फाटकाची कडी घालू लागलो. काका लगबगीने उठून आले.

"राहू द्या, भाऊ. गाय आत नाई आली, तर तो मले फोन काऊन करन?"

आणि हातातली पोळी दाखवत त्यांनी गायीला परत आत बोलावलं.