झल्लाकचं वतन

फुकट मिळालेल्या जमिनीवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात तो कुणाचाच नव्हता.

पणजोबांकडे महारवतनाची जमीन होती. नाव मोठं, पण भावकीत वाटून वाटून राहिला होता तो जेमतेम अंगणाएवढा तुकडा. त्याच्या बदल्यात गावाची हाक आली की उठायचं. मयताचा सांगावा न्यायचा, सरकारी टपाल पोचवायचं, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं. वडील म्हणायचे, "जमीन आपली नव्हती रे, आपणच जमिनीचे होतो." वतन गेलं तेव्हा घरात कुणी हळहळलं नाही म्हणे.

मी बहारिनमध्ये हिद्दला एका छोट्या कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. मालक म्हातारे बहारिनी. त्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणतो. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असल्यामुळे हिंदी बोलतात. झल्लाकला त्यांची खजुराची बाग आहे. आमच्या गॅलरीतल्या मिरच्यांचा फोटो मी त्यांना एकदा हौसेने दाखवला, तर म्हणाले, "बाग का कोना खाली है. तुम लेलो, सब्ज़ी लगाओ."

झालं, माझी झोप उडाली. त्यात मुलीच्या शाळेत नेमका मध्ययुगातला युरोप चालू होता. सरदाराने जमीन द्यायची, घेणाऱ्याने, म्हणजे व्हॅसलने, गुडघे टेकून निष्ठेची शपथ वाहायची आणि बोलावणं आलं की लढाईला जायचं. मी मराठीत वतनाची गोष्ट सांगितली, तर ती इंग्रजीत म्हणाली, "बाबा, सो अर्बाब इज द लॉर्ड अँड यू आर द व्हॅसल!" ती हसत होती. मी ताट सारून उठलो.

आणि तरी ती जमीन मला हवी होती. अगदी लहान मुलाला खेळणं हवं असतं तशी हवी होती. आपल्या हाताने वाफा करून त्यात बी टाकायचं, हे सुख मी जन्मात घेतलं नव्हतं.

शेवटी मी अर्बाबच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "ले लेगा, लेकिन एक शर्त है. इस ज़मीन के वास्ते आप मेरे को शुक्रवार को काम पे नहीं बुलाएगा." शुक्रवार म्हणजे इथली आमची सुट्टी. घरी हे ऐकून बायकोने कपाळावर हात मारून घेतला. देणाऱ्याला अटी घालणारा माणूस तिने म्हणे पहिल्यांदाच पाहिला. अर्बाब मात्र दाढी कुरवाळत म्हणाले, "नहीं बुलाएगा. खलास."

शब्दाला जागले. हिवाळाभर एकदाही फोन आला नाही. मेथी झाली, वांगी धरली. दर शुक्रवारी आम्ही डबा घेऊन जायचो आणि मातीचे हात घेऊन परतायचो. इतका स्वस्थ मी बहारिनमध्ये कधी नव्हतो.

मग एका शुक्रवारी विहिरीवरचा पंप बंद पडला. ऊन चढत होतं, नवी रोपं माना टाकत होती. त्या जुनाट पंपाची खोड एकट्या अर्बाबला ठाऊक. मी फोन लावला. "अर्बाब, पंप बंद है. जल्दी आओ, यल्ला!"

ते आले. हातात पाना, झग्याचा घोळ वर खोचलेला. मला बघून थांबले. "शुक्रवार को बुलाना नहीं, ऐसा बात हुआ था ना?"

"वो शर्त आपके लिए था," मी म्हणालो.

म्हातारा एवढा हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. मग उठून चिखलात उतरला आणि पंप खोलायला लागला.

मी तसाच बघत उभा राहिलो. आमच्या घराण्यातल्या कुणीतरी हाक मारली आणि जमिनीचा धनी धावत आला, असं पहिल्यांदाच घडत होतं. वडील असते तर मी त्यांना तिथूनच फोन लावला असता.