लाव्यांचं मशीन

माझ्या तोंडून तुम्ही काय काय ऐकलंय! कुवेतच्या वाळवंटातला तो सरडा, ज्याच्या पाठीवर बसून मी फरवानियापर्यंत आलो. ती वावटळ, जिने माझं जेवणाचं ताट उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी आमटीसकट परत आणून ठेवलं. सगळं खोटं. तुम्हालाही ते ठाऊक होतं, म्हणून तर मजा. पण माझी एक गोष्ट तुम्ही खरी मानून बसलात — दाजींना वाळवंटात चकवा लागला ती. तिच्या खाली दुसरी एक गोष्ट पुरलेली आहे. ती मी बायकोला सांगितली नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा म्हटली नाही. आज लिहितोय. आजच का? — मलाही नीट सांगता येणार नाही.

दाजी आमच्या शेजारच्या वाडीतले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मला कुवेतला नेलं ते त्यांनीच. खोलीवर पहिला भात त्यांनी रांधून घातला, पहिलं पत्र घरी त्यांनी लिहून दिलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायची लाज वाटेल.

कुवेतमधली लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. थंडी पडली की तिकडची माणसं वाळवंटात तंबू ठोकतात, सुट्टीचे दिवस तिथेच काढतात. मी सुलैबियाच्या एका वर्कशॉपमध्ये वायरमन. पण गुरुवार-शुक्रवार, म्हणजे तिकडची सुट्टी, मी मालकाला चोरून तंबूंचे जनरेटर बघायला जायचो. हातात टेस्टर असला की तिथे कुणीही ‘इंजिनियर’ म्हणतं, आणि मी काय, नको म्हणणारा माणूस आहे का?

एका तंबूत म्हातारा अबू फहद आणि त्याचे भाऊबंद. रानातली माणसं, पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरणारी. थंडीत उत्तरेकडून लावे येतात, त्यांच्यासाठी लांबवर जाळी लावलेली असायची. आणि तंबूच्या मागे ते मशीन — मोटारीची बॅटरी, कॅसेट आणि कर्णा. पिक्‌-विक्‌-विक्‌, पिक्‌-विक्‌-विक्‌, रात्रभर. लाव्यांना वाटायचं, खाली आपलंच कुणीतरी आहे. दाजी त्या तंबूचे राखणदार. पहाटे काळोखात जाळ्यांकडे जायचे, अडकलेली पाखरं पिशवीत भरायचे आणि परत यायचे. वाळवंटात खूण कसली? झाड नाही, दगड नाही. ते कर्ण्याच्या आवाजाकडे तोंड करून चालायचे, की तंबू. मला म्हणायचे, “डोळे मिटून येतंय रे बाबल, कान उघडे असले म्हणजे झाला.”

दुसरा तंबू शहरातल्या तरुणांचा. कपाटाएवढे स्पीकर, चाळीस-पन्नास जण, आणि असं संगीत की चहाच्या कपात लाटा उठायच्या. या वेळी अतिशयोक्ती नाही — बरं, थोडी आहे. त्यांच्या आवाजाने लावे बिथरायचे. मग म्हातारा स्पीकरच्या दिशेने हवेत बंदूक उडवायचा. तरुण पोलिसांना फोन करायचे. म्हाताराही पोलिसांना फोन करायचा. आणि पोलीस? त्या सगळ्या रानाला एक जीप आणि दोन शिपाई. मंगळवारच्या तक्रारीला ते गुरुवारी पोचायचे, तेही लाल डोळ्यांनी. तिकडे परक्या कामगाराला सगळे ‘रफीक’, म्हणजे दोस्त, म्हणतात; एकदा त्यातला जाडा शिपाई मला म्हणाला, “रफीक, इधर गाना, उधर बंदूक, बीच में मेरा गाडी. मैं किधर जाएगा?”

मी छातीवर हात मारून म्हटलं, पोलीस कशाला? मी आहे ना!

दोन्ही तंबूंत माझं खाणं-पिणं. म्हाताऱ्याला मी सांगितलं होतं, स्पीकरची वायर अशी जोडतो की आवाज अर्धा होईल. तरुणांचा म्होरक्या बदर, त्याला सांगितलं होतं, म्हाताऱ्याची पाखरंच पलीकडे नेतो. मशीन दक्षिणेच्या खोलगट जागेत नेलं की लावे तिकडे उतरतील, म्हातारा जाळी घेऊन तिकडे जाईल, तुम्ही नाचा. बदर हसून लोटपोट झाला. मला तेवढं पुरे होतं. लोक हसले की मला दुसरं काही दिसत नाही — हा माझा दोष तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या गुरुवारी अबू फहदची माणसं लग्नाला शहरात गेली होती. तंबूवर दाजी एकटे. पहाटे त्यांच्या टॉर्चचा उजेड जाळ्यांकडे जाताना दिसला आणि मी आणि बदर जीप घेऊन निघालो. आकाश तेव्हा स्वच्छ होतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो. मशीन बंद केलं असतं तर दाजींना लगेच कळलं असतं. म्हणून ते चालूच ठेवलं. केवढी हुशारी! मांडीवर कर्णा घेऊन मी बसलो आणि आम्ही दिवे न लावता, हळूहळू, ते वाजतं मशीन दीड-दोन मैल दूर नेलं. काळोखातून एक पाखरू जमिनीलगत बोलत बोलत निघालंय असं वाटत होतं. माझ्याच अंगावर काटा आला. मी हसलो.

आम्ही परत येतो न येतो तोच धुकं उतरलं.

तिथलं धुकं तुम्ही बघितलेलं नाही. आपलं धुकं झाडांत अडकतं, वर उचललं जातं. तिथे ते जमिनीतून निघावं तसं आलं. आधी दूरचे तंबू गेले, मग जवळची जीप, मग हातातल्या कपावरची वाफ आणि धुकं एक झालं. संगीत कुणीतरी बंद केलं. आणि त्या पांढऱ्या शांततेत, दक्षिणेकडून, बारीक — पिक्‌-विक्‌-विक्‌.

मला कळलं होतं का? हो. त्याच क्षणी कळलं होतं. मी जनरेटर चालू करून हॉर्न वाजवू शकलो असतो, स्पीकर लावू शकलो असतो, नुसतं बोंबलू शकलो असतो. पण मग पन्नास जण विचारणार, का रे? मी चहा प्यालो. दाजी जुने आहेत, येतील — असं स्वतःला सांगितलं. थोड्या वेळाने तो आवाजही थांबला. बॅटरी संपली होती.

दहाच्या सुमारास पांढरेपणा विरळ झाला. दाजी आले नव्हते. मी आणि बदर मशीन उचलायला गेलो. आणि तिथे — इथे माझा हात थांबतोय — तिथे ओल्या वाळूत चपलेचे ठसे होते. आवाजापर्यंत आलेले नव्हते, थोडे बाजूने गेलेले. जणू आवाज बंद पडल्यावर माणूस तसाच सरळ चालत राहिला होता. पुढे धोक्याची खूण म्हणून तांबडी पिंपं ठेवली होती. लढाईतले सुरुंग तिथे अजून काढायचे होते. ठसे पिंपांच्या दिशेने गेले होते.

एका अंगठ्यापाशी फाटलेल्या चपलेचा तो ठसा मी ओळखत होतो.

  दोघांनी मशीन उचलून परत तंबूमागे, होतं त्या जागी ठेवलं. अबू फहद आला, त्याने फोन केला, पोलिसांची तीच जीप दुपारी आली. जाड्या शिपायाने मला विचारलं, “रफीक, किस तरफ?” फक्त एवढंच. त्यांच्याकडे एकच गाडी, जायला एकच दिशा. खरं सांगितलं तर चोरी माझ्या नावावर. मालकाला चोरून केलेलं काम उघडं पडणार. आणि पहिलं विमान पकडून घरी.

मी उत्तरेकडे हात केला.

वर मसालाही लावला. पहाटे मी त्यांची हाक तिकडून ऐकली, म्हटलं. इतक्या छान रीतीने सांगितलं की शिपायाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मेंढपाळाला दाजी सापडले. पिंपांच्या आतल्या बाजूला बसलेले, दोन्ही कानांवर हात. सुरुंगावर पाय कसा पडला नाही, ते देव जाणे. मला भेटले तेव्हा एकच बोलत होते, “बाबल, आवाज फुडे फुडे जाय होतो रे. मगे बंद झालो. मगे जमनीखालसून येवक लागलो.” अबू फहदने मशीनकडे बोट दाखवलं. ते तर जागेवरच होतं! तो म्हणाला, राखणदार प्यालेला असणार. आठ दिवसांत दाजींना घरी पाठवलं.

मग मी गावी आलो आणि चकव्याची गोष्ट रचली. दर गणपतीत, भजन संपल्यावर, तुम्हीच आग्रह करून मला सांगायला लावलीत. आणि दाजी समोर बसलेले असायचे, माझ्या गोष्टीचा पुरावा म्हणून. मान हलवायचे. त्या दिवसापासून एकटे परसातसुद्धा जायचे नाहीत. सकाळी पाखरं बोलू लागली की दार लावून घ्यायचे. तुम्ही हसायचात. मी तुम्हाला हसवायचो.

त्यांचं डोकं शाबूत होतं. त्यांनी ऐकला तो आवाज खरोखरच दूर नेलेला होता. एवढं एक वाक्य मी त्यांना देऊ शकलो असतो. मी त्यांना भूत दिलं.

गेल्या वर्षी ते खाटेला खिळले तेव्हा भेटायला गेलो. बायकोला त्यांनी बाहेर जायला सांगितलं. माझं मनगट धरून हळूच विचारलं, “बाबल, खरा सांग. माझा डोक्या तेव्हाच फिरला होता, की खरोखरच कोणीतरी माका भुलवल्यान?”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो.

“चकवोच तो, दाजी,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि माझं मनगट सोडलं. चौथ्या दिवशी ते गेले.