खाचांमधलं तणस

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा आलापल्लीकडच्या महामार्गाच्या आराखड्याचं काम माझ्याकडे आलं. बाबा निवृत्त शिक्षक. भरदुपारी सायकलवरून याच रस्त्याच्या कडेने चालले होते. एका ट्रक ड्रायव्हरला डुलकी लागली आणि ट्रक पांढरी रेघ ओलांडून त्यांच्यावर आला.

आता त्या रेघेबाहेरच्या डांबरी पट्टीवर आडव्या खाचा पाडायच्या होत्या. चाक त्यांवर चढलं की गुरगुराट होतो, गाडी थरथरते आणि ड्रायव्हर जागा होतो. हे काम मी जरा जास्तच मनावर घेतलं. पुस्तकं वाचली, टिपणं काढली आणि खाचा अशा खोल आणि लांब आखल्या की ड्रायव्हरच काय, शेजारच्या गावातली दुपारची झोपही उडाली असती. जवळजवळ सगळी पट्टी खाचांनी भरली. चाचणीपुरता एक तुकडा तसा कापूनही झाला.

पंधरा दिवसांनी ट्रक आणून त्यावरून चालवला. चाकं गुरगुरली, मग एकदम गप्प झाली, मग पुन्हा गुरगुरली. उतरून पाहिलं, तर काही ठिकाणच्या खाचांमध्ये कुणीतरी धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंबून वर मुरूम दाबला होता. जिथे आवाज नाही, तिथे ड्रायव्हर झोपलेलाच राहणार.

तेवढ्यात एक अंडीवाला सायकल घेऊन आला. मागे दोन टोपल्या, त्यांत तणसाचे थर आणि थरांमध्ये अंडी. आठवडी बाजाराला निघाला होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच केलो जी. अंड्याईले जे लागते, तेच रस्त्याले देलो."

"अहो भाऊ, या खाचा ड्रायव्हरला जागं करायला आहेत!"

"ड्रायव्हर जागा होते ना, साहेब. मंग जागेपणी आमाले उडवते. तुमी पुरी पट्टी खणून ठेवली, तं सायकल चालवाची कुठी? सगळे रेघेच्या आत, ट्रकच्या पुढं चालून राह्यले. तुमाले दिसलं नाई काऊन?"

"मी जीपने येतो," मी म्हणालो. बोलल्यावर माझं मलाच कसंतरी वाटलं.

"जीपमधून सायकलवाला दिसत नाई म्हणा."

एका सायकलवाल्यासाठी वर्षभर मनातल्या मनात रडत होतो आणि रस्ता मात्र ट्रकसाठी आखला होता. बाबांची सायकल घरी पडवीत चादरीखाली उभी होती. तिला मी हातही लावला नव्हता.

आराखडा पुन्हा काढला. खाचा आखूड आणि उथळ केल्या, रेघेला लागून ठेवल्या. बाहेरच्या बाजूला सायकलपुरती सपाट पट्टी सोडली. मधूनमधून मोकळी जागाही हवी होती, म्हणजे सायकलवाल्याला खाचा न ओलांडता आत-बाहेर करता येईल. ती किती लांब ठेवावी, यावर पुस्तकांचं एकमत नव्हतं. मी अंडीवाल्याच्या तणसाला टेप लावला.

"टेप कायले लावता?" तो म्हणाला. "माही भरली सायकल जेवढ्यात वळते, तेवढंच भरलो."

तेच माप आराखड्यात गेलं. जिथे शेतातली पायवाट रस्त्याला मिळते, तिथे त्याने तणस भरलं होतं. मोकळ्या जागाही तिथेच ठेवल्या.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी बाबांची सायकल बाहेर काढली, चाकांत हवा भरली. आधी ट्रक गेला. थेट मोकळ्या जागेत घुसला, तरी पुढच्या खाचांवर चाकं चढताच आवाज झाला. ड्रायव्हर म्हणाला, "बस झालं साहेब, आता झोप येत नाही." मग माझी पाळी. अंडीवाल्याने आपली एक टोपली माझ्या कॅरिअरला बांधली आणि सायकलीकडे टक लावून पाहिलं.

"हे तं गुरुजीची सायकल."

मी मान डोलावली आणि निघालो. पट्टीवरून गेलो, मोकळ्या जागेतून आत आलो, पुन्हा बाहेर पडलो. थांबलो तेव्हा त्याने तणस बाजूला करून अंडी पाहिली. एक फुटलं होतं.

माझा चेहरा पडला. "म्हणजे अजून चुकतंय."

"रस्ता बरोबर हाये जी. चालवणारा कच्चा हाये. गुरुजी असते, तं एकही फुटलं नसतं." त्याने टोपली पुन्हा घट्ट बांधली. "जा, अजून एक चक्कर मारून या. आता हँडल सैल धरा."

मी हँडल सैल धरलं आणि सायकल वळवली.