पहिल्याच वेळी ‘व्हय’

कनेरगाव नाक्यावर मी चळवळीची पत्रकं वाटत होतो. वसमतहून सरकी घेऊन आलेला ओळखीचा गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, “भाऊ, तुमच्या सलीमला तीन दिवसांमागं माती दिली.” पत्रकं हातातच राहिली... त्याला आता दीड महिना झाला.

सलीम वसमतच्या कापूस-व्यापाऱ्याचा मुलगा, माझा शाळेपासूनचा सोबती. जर्मनीची लढाई संपली तसा तो इंजिनिअर व्हायला विलायतेला निघाला. परत येऊन गावात नळ आणायचे, एवढंच त्याचं वेड. साहेबाच्या पायाशी बसून कसली विद्या, म्हणून मी भांडलो. तो म्हणाला, “पाणी काय साहेबाचं हाय का रे?”

वर्ष सरलं आणि तो परतला. पदवी नाही, छातीत क्षय. थंडीबद्दल, एकटेपणाबद्दल फारसं बोलला नाही. एक गोष्ट मात्र हसत सांगितली. आपल्याकडे माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्या आग्रहाला घेतो. तिथल्या घरमालकिणीनं पहिल्या रात्री विचारलं, आणखी वाढू का? हा रीतीनं नको म्हणाला. तिनं भांडं उचललं.

“मी आपला वाट पाहून राहिलो. बाई पुन्हा विचारीचना.”

“मग मागितलं काहून न्हाई?”

“मागून खायचं? तिथं रेशन. तिलाच पुरत नव्हतं.”

कॉलेजातही तेच. सोबतची मुलं चल म्हणायची, हा संकोचानं नको म्हणायचा, ती निघून जायची. पोरगं असं आतून वाळत गेलं... मी संतापलो. तो शांतपणे म्हणाला, “बाईचा काय दोष? तिनं माझ्या शब्दावर इश्वास ठेवला.” मी यावर पत्रक लिहिणार होतो. कुणाविरुद्ध, ते आजही ठरत नाही.

“बरा झालो की पुन्हा जाईन,” तो खाटेवरून म्हणायचा. “आता पहिल्याच वेळी व्हय म्हणीन.”

बरा झाला नाही. त्याच्या अम्मी आम्हा दोघांपुढे भाकरीची टोपली धरून बसायच्या, “ले रे, शर्माता कायकू?” शेवटी शेवटी त्याला घास गिळवेना. दुसऱ्यांदा विचारलं की त्याचे डोळे भरायचे. म्हणून त्यांनी एकदाच विचारायची सवय लावून घेतली.

परवा त्यांच्याकडे जेवायला बसलो. हल्ली कोण कुणाच्या घरी जेवतो यावर डोळा ठेवणारे पुष्कळ आहेत, ठेवोत. ताटातली भाकरी संपली. अम्मींनी विचारलं, “और लेता क्या, बेटा?”

लहानपणापासूनच्या सवयीनं मी म्हणालो, “नको, अम्मी.”

त्यांनी टोपली उचलली आणि आत गेल्या.